तुम्ही विचारलंत म्हणून: कन्फ्युशियस वाचून चिंता गेली का?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा "हो, मन शांत झालं" एवढंच ऐकायचं असतं. पण कन्फ्युशियस, म्हणजे प्राचीन चीनमधला तो विचारवंत, चिंता घालवत नाही हो, कशाची करायची ते बदलायला लावतो. ॲनालेक्ट्स म्हणजे त्याच्या वचनांचा आणि संवादांचा संग्रह, त्याच्या ७व्या भागात तो स्वतःच्या चिंता सांगतो: गुण जोपासले जात नाहीत, शिकलेल्यावर चर्चा होत नाही, योग्य काय ते ऐकूनही तिकडे वळता येत नाही, जे वाईट आहे ते सुधारता येत नाही. बस. पैसा, पद, लोक काय म्हणतील, काहीच नाही त्यात.

मग कोणीतरी १२वा भाग काढतंच, तिथे तर म्हटलंय की सज्जनाला ना चिंता ना भीती. पण हे कोणाला सांगितलंय ते बघा ना. समोर बसलाय त्याचा शिष्य सिमा न्यू, आणि परंपरा सांगते की या शिष्याचा भाऊ म्हणजे चीनमधल्याच सोंग नावाच्या राज्यातला ह्वान त्वेइ, जो खुद्द कन्फ्युशियसच्याच जिवावर उठला होता. लगेच पुढे हाच शिष्य कळवळून म्हणतो, सगळ्यांना भाऊ आहेत, मलाच नाही, म्हणजे असून नसल्यासारखाच. अशा माणसाला गुरू सांगतो की आत बघ, तिथे खोट नसेल तर चिंता कसली? भाऊ काय करेल ते याच्या हातात नाही, आपण कसे वागतो ते आहे, आणि मला तर यात कोरडा उपदेश दिसतच नाही, धीर दिसतो.

पुढे त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने ते छान मांडलं, सज्जनाला जन्मभराची चिंता असते पण घडीभराची तगमग नसते. जन्मभराची म्हणजे, प्राचीन काळचा आदर्श मानला जाणारा शुन राजा पण माणूस, मी पण माणूस, तो जगाला आदर्श झाला आणि मी अजून गावातला साधा माणूसच, मग काय करायचं, तर शुनसारखं व्हायचं.

यावर लोक म्हणतात, अरे बापरे, म्हणजे आयुष्यभर कुढतच बसायचं का! अजिबात नाही. एकदा शे प्रांताच्या अधिकाऱ्याने कन्फ्युशियसबद्दल विचारलं आणि शिष्य झिलूने उत्तरच दिलं नाही, तेव्हा गुरू त्याला म्हणाला, असं का नाही सांगितलंस की हा माणूस शिकण्याच्या भरात जेवण विसरतो, आनंदात चिंता विसरतो आणि म्हातारपण येतंय हे पण त्याच्या लक्षात येत नाही?