नवी चप्पल का जुनी?

आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या ॲनिमेशन स्टुडिओत येणारी कामं म्हणजे लग्नाचे टायटल, क्लासच्या जाहिराती, कुठल्यातरी संस्थेच्या वार्षिक सभेचा व्हिडिओ. कॅरेक्टर ॲनिमेशन वर्षाकाठी एखादं आलं तर आलं. त्यामुळं चप्पल लाइनीतल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, एका दुकानदारानं वीस सेकंदांची रील पाहिजे म्हटल्यावर सरांनी भाव न करताच हो म्हणून टाकलं. फेटा, धोतर, पिळदार मिशा असा एक पाटील कोल्हापुरी घालून रंकाळ्याच्या कडेनं ऐटीत चालत येतो, एवढीच गोष्ट. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आल्या आणि आपल्या गावाचं नाव मात्र कुठंच नाही, यावर भरपूर आरडाओरडा झाला होता. 2019 सालीच जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आपली. त्या आरडाओरड्यापासून चप्पल लाइनीत ज्याला त्याला जाहिरात सुचत होती.

पाटलाची चाल माझ्याकडं आली. मी नवी होते, आणि या धंद्यात नव्या माणसाला आधी चालायलाच लावतात.

चालीचं गणित पाठ करता येतं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं. एक पाऊल 12 फ्रेमचं, दोन पावलं मिळून एक सायकल, म्हणजे परत परत फिरवायची फेरी. पहिल्या फ्रेमला कॉन्टॅक्ट: पुढची टाच टेकलेली, मागचा पाय चवड्यावर. चौथीला डाऊन, म्हणजे वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो, कंबर सगळ्यात खाली. सातवीला पासिंग, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो. दहावीला अप, अंग सगळ्यात उंच. तेरावीला परत कॉन्टॅक्ट, पण पाय बदललेले. पंचविसावी फ्रेम पहिलीसारखीच असते, म्हणून ती रेंडरमध्ये, म्हणजे शेवटच्या व्हिडिओत, घ्यायची नाही. घेतली तर प्रत्येक फेरीला बारीक झटका बसतो. हात पायांच्या उलट, खांदे कमरेच्या उलट. झाली चाल.

होत नाही अर्थात. सगळ्यात जास्त छळतो तो टेकलेला पाय. सायकलमध्ये माणूस जागच्या जागी चालतो आणि जमीन मागं सरकते, म्हणून टेकलेला पाय दर फ्रेमला अगदी सारख्या अंतरानं मागं जायला लागतो. ब्लेंडर हे आमचं सॉफ्टवेअर मात्र आपल्या मनानं दोन की-फ्रेममध्ये, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या दोन पोझच्या मध्ये, सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी परत हळू असा वळणदार आलेख काढून ठेवतं. त्यामुळं माझा पाटील तेल सांडलेल्या फरशीवर चालल्यासारखा घसरायचा. ग्राफ एडिटरमध्ये ती रेघ सरळ केल्यावर पाय जमिनीला धरला. मग गुडघा एका फ्रेमला फटकन सरळ व्हायचा, तो कंबर जराशी खाली घेऊन बसवला.

रेफरन्स म्हणून सरांनी मायब्रिजच्या फोटोंचा फोल्डर दिला होता. 1878 मध्ये धावत्या घोड्याचे फोटो काढणारा तो हाच. 1887 मध्ये त्यानं माणसं आणि जनावरं कशी हलतात याचे शेकडो तक्ते छापले. जगभरचे ॲनिमेटर अजून ते उघडून बसतात. आमचे सर कलापूरचे, म्हणजे आपल्या कोल्हापूरचे, कट्टर अभिमानी, त्यामुळं मायब्रिजवरून गाडी हमखास मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर येते. जुन्या मूकपटात माणसं तुरुतुरु का चालतात तेही त्यांनीच सांगितलं: हँडल फिरवून कमी फ्रेमला घेतलेलं शूटिंग नंतर 24 नं पळवलं, की सगळ्यांना घाई झाल्यागत दिसतं. ऐकायला मजा येते, फक्त डेडलाइन नसावी.

तर पाटील चालायला लागला. ऐट होती, छाती पुढं, मिशी थरथरत होती. सरांनी पास केला. दुपारी दुकानदार बघायला आला, सोबत एक म्हातारे मामा. त्यांच्या दुकानाच्या चपला हेच शिवतात, जन्म त्यात गेला. दुकानदार मोबाइलवर बोलत उभा राहिला, आणि मामा माझ्या खुर्चीमागं येऊन वाकून स्क्रीन बघायला लागले. पाटलाच्या फेट्याकडं, मिशीकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. नजर पायावर.

“पोरी, ह्यो चप्पल घालून चाललाय व्हय?”

“हो मामा, कोल्हापुरीच आहे. कान, पट्टा, वेणी सगळं काढलंय बघा.”

“काढलंस ग. पर चालतोय बूट घातल्यागत.”

मी सायकल थांबवली. मामांनी बोट काचेवर टेकवलं, अगदी टाचेवर. “हितं बघ. टाच वर गेली, तळबी तिच्यासंगटच गेला. चप्पल काय डिंकानं चिकटवलीय का? अंगठ्यात अडकलेली असती ती. टाच सुटती, तळ मागं ऱ्हातो, मग येतो.” आणि लगेच, “नवी हाय का जुनी?”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता.

सरांनी टेबल बाजूला सरकवलं. मी मोबाइल फरशीवर भिंतीला टेकवून ठेवला, स्लो मोशन लावला. मामा आधी स्वतःच्या पायातल्या जुन्या चपलेवर चालले, मग दुकानदारानं फोटोसाठी आणलेली कोरी जोडी घालून. मग तिघं जण फ्रेम पुढंमागं करत बसलो, आणि मामा मध्येमध्ये “थांब, थांब, मागं घे” म्हणत होते.

जुन्या चपलेचा तळ चवड्यापाशी वाकतो, टाचेच्या मागोमाग येतो, फट अगदी बारीक पडते. नवीचा तळ वाकायचं नावच घेत नाही. मागचा पाय चवड्यावर आला की टाच आणि तळ यांच्यात दोन बोटं शिरतील एवढी जागा होते. पाय जमिनीवरून सुटला की तळ अंगठ्याला लोंबतो, आणि पाय पुढं निघाला की खालून येऊन टाचेवर आपटतो. त्या वेळी मामांचा अंगठा शेजारच्या बोटाला घट्ट दाबलेला दिसत होता. पाऊलही टाचेवर तिरकं न पडता जवळजवळ सपाट पडत होतं. मायब्रिजच्या तक्त्यांतली माणसं मला तोवर बघून बघून पाठ झाली होती, पण ती बहुतेक उघडी आणि अनवाणी. त्यांच्या पायात आपटायला काही नव्हतंच.

“नवी दाखवूया,” दुकानदार म्हणाला. मामा हसले. “नवी चावती. चावणारी चप्पल घालून माणूस असला ऐटीत चालंल व्हय? चार दिस तेल पाजल्याली, जरा पायात बसल्याली दाखव.” ठरलं.

अडचण अशी की आमच्या रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवायच्या हाडांच्या सांगाड्यात, चप्पल पावलाच्या हाडाला बांधलेली होती, तिला स्वतःचं हाडच नव्हतं. रिगिंग करणाऱ्या सहकाऱ्यानं कुरकुर करत तळासाठी एक नवीन बोन टाकलं, त्याचं मूळ अंगठ्यापाशी. मग टाचेच्या की-फ्रेम तळावर उतरवल्या आणि उशिरानं सरकवल्या. चार फ्रेम उशीर दिला तर पाटील बाथरूमची स्लिपर घालून निघाल्यासारखा. एक फ्रेम दिली तर फरक डोळ्याला कळतच नाही. दोन फ्रेमला चप्पल चप्पल झाली. पासिंग ओलांडून अपच्या जरा आधी तळ टाचेवर येतो, मग पाऊल सपाट उतरतं. उशीर देणं ही जुनीच युक्ती, शेपटीला, पदराला, केसांना सगळे देतात. चपलेच्या तळाला द्यायचा हे मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सापडलं नव्हतं.

गंमत म्हणजे यानं आवाजही बदलला. आमच्या साउंडवाल्यानं पावलाला एकच आवाज टाकला होता, टाच टेकताना. आता दोन लागले: आधी तळ टाचेवर, मग पाऊल जमिनीवर. दोन्ही आवाज मामांच्या चपलेचेच रेकॉर्ड करून घेतले. त्यासाठी स्टुडिओतले पंखे बंद केले, आणि मामा घाम पुसत फेऱ्या मारत राहिले.

फायनल बघायला मामा परत आले. दोनदा बघितलं. “आता घातली,” म्हणाले, आणि लगेच, “वेणी उलटी इणलीया.” तीही सुलट केली.

दुकानदाराला मात्र आता नवी कल्पना सुचली होती. पाटलाच्या समोरून हाय हिल्स घातलेली एक पोरगी येते, दुकानात शिरते, आणि कोल्हापुरी घालून बाहेर पडते. सर माझ्याकडं बघायला लागले. हिल्समध्ये टाच आधीच वर, पाऊल आखूड, कमरेचा झोल वेगळा. कोल्हापुरीत परत सगळं बदलणार. म्हणजे एकाच पोरीच्या दोन स्वतंत्र सायकली.

“एकच तर पोरगी वाढतीय,” दुकानदार म्हणाला, “रेट त्योच धरा की.”