वेव्हमेकर कंट्रोलर, नोंद सहावी : आधी बंद होईना, मग सुरू होईना

माशांच्या टँकमध्ये प्रवाह काढणारे दोन पंप (वेव्हमेकर) आळीपाळीने चालवणारा हा कंट्रोलर, प्रत्येक पंपाला एक चॅनेल. त्यातला डावीकडचा सहा वॅटचा पंप एकदाचा वठणीवर आला. दोन्ही चॅनेल ४५-४५ सेकंदांच्या आलटापालटीवर सलग नऊ दिवस चाललेत. डावा बंद म्हणजे बंद, सुरू म्हणजे पहिल्या झटक्यात सुरू. मागच्या नोंदीत 'स्नबर बदलला की झालं' असं लिहिलं होतं (स्नबर म्हणजे स्विचला समांतर लावलेली रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), ते मागे घ्यावं लागतंय. स्नबर बदलल्यावरच खरा खेळ सुरू झाला.

मांडणी तीच आहे. चार फुटी टँक, पाण्याची उंची ४५ सेंमी, गोड्या पाण्याचा, गोटे आणि खडक रचून वाहत्या ओढ्यासारखा केलेला. मळ्या माशासारख्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांना एकाच दिशेचा प्रवाह पुरत नाही, म्हणून दोन टोकांना दोन पंप : डावीकडे ६ वॅट, उजवीकडे १२ वॅट, दोन्ही २३० व्होल्ट एसी. मेंदू म्हणजे आर्डुइनो नॅनो, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. निळ्या रिलेचा (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचचा) बोर्ड चौथ्या नोंदीतच काढला, कारण त्या रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण एक लाख वेळा धरतात. १० सेकंदांची आलटापालट ठेवली तर एक रिले दिवसाला ४३२० वेळा ओढला जातो, म्हणजे लाखाचा आकडा २३ दिवसांत गाठला. आपला लोड कमी, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त टिकेल, पण मोटरच्या कॉइलची ठिणगी कॉन्टॅक्ट खातेच. शिवाय त्या ठिणगीने नॅनो अधूनमधून गोठायचा, तो त्रास वेगळाच.

रिलेच्या जागी तयार मिळणारा २ अँपियरचा चपटा काळा एसएसआर (हलणारे भाग नसलेला रिले) का नाही घेतला, असा प्रश्न आला होता. त्याची डेटाशीट नीट वाचा. लोड ०.१ ते २ अँपियर असं लिहिलंय. सहा वॅटचा पंप मीटरवर ५५ मिलिअँपियर घेतो. खालची मर्यादाही मर्यादाच असते, ती कुणी बघत नाही.

तर झिरो पीसीबीवर (छिद्रांच्या कोऱ्या बोर्डवर) ट्रायॅक, म्हणजे एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि ऑप्टो, म्हणजे नॅनोचा इशारा आतल्या एलईडीच्या उजेडाने ट्रायॅकपर्यंत पोचवणारी चिप. सुरुवातीला ट्रायॅक बीटीए १६-६०० बी, ऑप्टो एमओसी ३०४१, आणि ट्रायॅकला समांतर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरॅड एक्स-२ (थेट लाइनवर लावता येणाऱ्या) कपॅसिटरचा स्नबर. बारा वॅटचा पंप उत्तम चालला. सहा वॅटचा चालायचा, पण बंद केल्यावर थांबायचा नाही. पंखा फिरत नव्हता, पण रोटर जागच्या जागी थरथरत होता. काचेला कान लावला की बारीक गुणगुण ऐकू यायची, आणि पंख्याच्या जाळीपाशी अडकलेलं शेवाळाचं तूस एकसारखं कापत असायचं.

कारण सरळ होतं. बंद ट्रायॅकला वळसा घालून स्नबरमधून करंट जातोच. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि ०.१ मायक्रोफॅरॅडला तो ७.२ मिलिअँपियर भरतो. पंप चालताना ५५ खातो, म्हणजे 'बंद' असताना सुमारे तेरा टक्के करंट चालूच. बारा वॅटच्या जड रोटरला तेवढ्याने काही होत नाही, हलका रोटर मात्र डुगडुगत राहतो. बुशिंग महिनाभरात गेलं असतं.

कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरॅडचा केला. गळती ०.७२ मिलिअँपियरवर आली. बंद केल्यावर पंप मेल्यासारखा शांत. मागची नोंद इथेच, आनंदाच्या भरात, संपली होती.

दुसऱ्या दिवसापासून पंप सुरू होईना. चॅनेल चालू झाला की घर्र आवाज, पंखा अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे, फिरायचं नाव नाही. पाच वेळांतून एखाद्या वेळी लागायचा. तसाच दहा मिनिटं राहिला तर बॉडी हाताला कोमट लागायची.

पहिला संशय क्षारांवर. सांगलीत बोअरच्या पाण्यावर टँक असेल तर रोटरच्या शाफ्टवर पांढरा थर बसतोच. रोटर काढून वीस मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवला, ब्रशने पुसला. फरक नाही. तोच पंप थेट प्लगला लावला तर दहाच्या दहा वेळा सुरू. म्हणजे पंप निर्दोष.

दुसरा संशय ऑप्टोच्या एलईडीवर. ३०४१ ला खात्रीने पेटायला १५ मिलिअँपियर लागतात. नॅनोच्या ५ व्होल्टमधून एलईडीचे १.२ वजा केले आणि ३३० ओहम लावला तर मिळतात ११.५. ही चूक होतीच, ती सुधारली : २२० ओहम, म्हणजे १७ मिलिअँपियर. पाचातून एकदा लागणारा पंप दोनदा लागायला लागला. सुधारणा, पण इलाज नव्हे.

तिसरा संशय ट्रायॅकवर. बीटीए १६-६०० बी चा होल्डिंग करंट, म्हणजे चालू राहायला लागणारा किमान करंट, ५० मिलिअँपियरपर्यंत असू शकतो, आणि आपला अख्खा पंपच ५५ चा. हत्तीच्या पायातला साखळदंड शेळीला घातल्यासारखं झालं. बीटी १३६-६०० ई लावला, त्याला १५ पुरतात. पाचातून तीनदा. एक सावधगिरी : बीटीए मालिकेत मागचा पत्रा आतून वेगळा केलेला असतो, बीटी १३६ चा पत्रा थेट एमटी २ या पायाला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर फेज असते. एवढ्या करंटला हीटसिंक लागत नाही, तेव्हा लावूच नका. पत्र्यावर हीट-श्रिंक चढवा आणि बोट दूर ठेवा.

चाचणीला ६० वॅटचा बल्ब लावला की सगळं झकास. इथेच तीन दिवस वाया जातात. बल्बवर पास झालेलं सर्किट मोटरवर पास होईलच असं नाही.

खरा धागा मीटरने दिला. पंपाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसीऐवजी डीसी रेंजला ठेवला. थेट प्लगला जवळपास शून्य यायला हवं, तसं आलं. ट्रायॅकमधून घरघरताना ३८ व्होल्ट डीसी. म्हणजे ट्रायॅक एका बाजूची अर्धी लाट सोडतोय, दुसरी गिळतोय. पंपातल्या सिंक्रोनस (एसीच्या लाटेच्या तालावर फिरणाऱ्या) मोटरला अर्धी लाट दिली की रोटर एकाच जागी खेचला जातो, फिरत नाही, आणि कॉइल तापते. हे माप घेताना जिवंत फेजवर काम असतं, म्हणून आधी क्लिप लावा, मगच प्लग चालू करा. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हा उद्योग करूच नये.

दुसरी खूण झिरोच्या बल्बने दिली. पंपाला समांतर झिरोचा बल्ब लावला आणि पंप दहापैकी दहा वेळा फिरला. नावाला झिरो, खातो १५ वॅट. सहा वॅटच्या पंपासाठी कायमचा पंधरा वॅटचा बल्ब म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण निदान पक्कं झालं.

घोटाळा 'झिरो क्रॉसिंग' मध्ये आहे. ३०४१ च्या आत एक पहारेकरी असतो. ट्रायॅकवरचा व्होल्टेज शून्याच्या आसपास, जास्तीत जास्त २० व्होल्टपर्यंत असेल तरच तो पेटू देतो. बल्बमध्ये करंट आणि व्होल्टेज एकदमच शून्यावर येतात, म्हणून अडचण नाही. मोटरमध्ये करंट मागे रेंगाळतो. करंट शून्यावर येऊन ट्रायॅक सुटतो तेव्हा लाइनचा व्होल्टेज बराच वर असतो, आणि तो एकदम ट्रायॅकवर चढतो. पहारेकरी म्हणतो, वेळ गेली, पुढच्या शून्याला या. मोठा स्नबर हा चढ हळू करत होता, तेवढ्या उसंतीत ऑप्टो पेटून घ्यायचा. स्नबर दहापट लहान केला आणि ती उसंत गेली. शिवाय २० व्होल्टच्या आत पेटला तरी कॉइलमधून करंट इतका सावकाश वाढतो की ट्रायॅक धरून ठेवण्याइतका होईतो दार बंद. बल्बने नेमका तोच सुरुवातीचा करंट पुरवला.

म्हणजे ०.१ ठेवा तर बंद होत नाही, ०.०१ ठेवा तर सुरू होत नाही. मधला ०.०४७ करून पाहिला : थोडी थरथर आणि थोडी घरघर, दोन्ही.

उत्तर : पहारेकरीच काढून टाका. झिरो क्रॉसिंग नसलेला ऑप्टो घ्या. एमओसी ३०२१ सगळीकडे मिळतो, पण तो ४०० व्होल्टचा, आणि २३० व्होल्टची शिखरंच ३२५ वर जातात. रात्री लाइन २५० ला गेली की काठावर. ३०५२ घ्या, तो ६०० व्होल्टचा आहे आणि त्याला एलईडीत १० मिलिअँपियर पुरतात. पाय तसेच, जुना उपटून नवा बसवला. पहिल्याच झटक्यात पंप सुरू, डीसी रेंजवर अर्ध्या व्होल्टच्याही आत. बंद केल्यावर शेवाळाचं तूससुद्धा स्थिर. ऑप्टोसाठी आयसी सॉकेट लावा हे दुसऱ्या नोंदीत सांगितलं होतं, त्याचं चीज झालं.

आता पक्के आकडे : ऑप्टो ३०५२, एलईडीला २२० ओहम, ट्रायॅकच्या गेटच्या (त्याला पेटवणाऱ्या पायाच्या) वाटेवर ३६० ओहम अर्धा वॅट, गेट ते एमटी १ ला ३३० ओहम, स्नबर १०० ओहम एक वॅट आणि ०.०१ मायक्रोफॅरॅड एक्स-२, २७५ व्होल्ट एसीचा. साधा सिरॅमिक तिथे चालत नाही. दोन्ही चॅनेल मिळून ५०० मिलिअँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज. ऑप्टोच्या पोटाखालचे झिरो पीसीबीचे तांबडे ठिपके खरवडून काढा, फेज आणि नॅनोच्या बाजूंत किमान ८ मिमी मोकळी जागा हवी.

सुट्या भागांबद्दल : ३०५२ साठी पुण्याची बुधवार पेठ गाठावी लागते किंवा ऑनलाइन. '३०२१ लावा, एकच आहे' हे काउंटरवरचं उत्तर ऐकू नका. बॉक्स आणि केबल ग्लँड मात्र कुपवाडच्या पॅनलवाल्यांकडचेच घ्या. ॲक्वेरियमवाल्यांच्या 'वॉटरप्रूफ' डब्यांना झाकणाला रबरसुद्धा नसतं. घड्याळाच्या डीएस ३२३१ मॉड्यूलमध्ये साधा सीआर २०३२ सेल घालणार असाल तर डायोडशेजारचा '२०१' लिहिलेला रेझिस्टर आधी काढा, नाहीतर ते मॉड्यूल चार्ज न होणाऱ्या सेलला चार्ज करत बसतं.

प्रोग्रॅममध्ये दोन बदल. एकदा बंद झालेला पंप ४ सेकंदांच्या आत पुन्हा सुरू होणार नाही. रोटर गरगरत असतानाच वीज दिली तर तो उलटा मारतो आणि टक्क करून अडणीवर आदळतो. आणि लाइट जाऊन आली की आधी १० सेकंद काहीच नाही, मग एक पंप, ३ सेकंदांनी दुसरा.

आता त्या ४ सेकंदांनीच पुढचा बेत मोडला. चॅनेल तीनवर तिसरा एसी पंप लावून खरी डोलणारी लाट काढायची होती. गणित केलं : १२२ सेंमी लांबी आणि ४५ सेंमी पाण्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या डोलाचा काळ १.३८ सेकंद येतो. पडताळा सोपा आहे. एका टोकाला ताटली उभी धरून पाणी हलकेच ढकला आणि वीस डोल मोजा. २७.६ सेकंद अपेक्षित होते, घड्याळात २७.८ आले. म्हणजे पंप ०.६९ सेकंद चालू, ०.६९ बंद हवा. ट्रायॅक ते आनंदाने करेल, सिंक्रोनस रोटर नाही करणार. एसी पंपांकडून आलटापालटीचा प्रवाह घ्या, लाट मागू नका.

म्हणून चॅनेल तीन आता २४ व्होल्ट डीसी पंपाचा, बाहेरून ० ते १० व्होल्टचा इशारा घेणारा. नॅनोच्या ९ नंबर पिनचा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा इशारा), तो सपाट करायला १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरॅडचा फिल्टर, मग १२ व्होल्टवर चालणारा एलएम ३५८ (इशारा वाढवणारी चिप) दुपटीच्या गेनला, १० किलोचे दोन रेझिस्टर लावून. डीसी पंपाची २४ व्होल्टची वायरच पीडब्ल्यूएमने तोडायचा जुगाड करू नका, आतला ड्रायव्हर दर वेळी नव्याने सुरू होतो.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं. पातळी ४५ वरून ४२ वर आली की डोलाचा काळ १.४० होतो. फरक दोन शतांश सेकंदांचा, पण वीस डोलांत पंप जवळजवळ तिसरा हिस्सा डोल मागेपुढे होतो आणि लाट विरते. तेव्हा आकडा पक्का न बसवता पोटेंशिओमीटरने ०.६५ ते ०.७५ सेकंदांत फिरवता येईल असं ठेवतोय. टोकाच्या काचेवर मार्करची रेघ, लाट तिच्यावर २ सेंमीपेक्षा वर गेली की जोर कमी. चार फुटी टँकमधलं सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी डोलायला लागलं की स्टँडचे नटही डोलतात, ते आधी आवळून घ्या.

एलएम ३५८ आणि पंपाचा कनेक्टर यायचाय. तोवर बॉक्सला तिसरं ग्लँड बसवून झालंय.