साडेतीनचं सी-प्लेन

दिवाळीनंतरचा शनिवार. ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं ट्रॅव्हल ऑफिस उघडायच्या आधीच मुंबई विमानतळावरून फोन आला: फ्लाइट साडेतीन तास लेट. माणसं नऊ. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, नऊ आणि सहा वर्षांच्या दोन मुली, दीड वर्षाचं बाळ. घर पाचपाखाडीला, निघाले होते मालदीवच्या बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या एका रिसॉर्टवर, चार रात्रींसाठी.

बँकॉक किंवा दुबई असती तर साडेतीन तास म्हणजे कंटाळा आणि दोन चहा. मालदीवचा हिशोब वेगळा. सव्वादहाचं विमान मालेला तिथल्या साडेबाराला उतरतं, कारण तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. पावणेदोनला सुटलं तर तिथे चार वाजणार. आणि मालेहून रिसॉर्टवर नेणारं सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, पकडायचं तर आंतरराष्ट्रीय विमान साधारण साडेतीनपर्यंत उतरलेलं लागतं. ही ट्विन ऑटर विमानं, पंधरा-सोळा सीटची. वैमानिक डोळ्यांनी बघून ती समुद्रावर उतरवतात, तिथे ना धावपट्टी ना दिवे. माले विषुववृत्ताला लागून, त्यामुळे सूर्यास्त बारा महिने सहाच्या आगेमागे. जायला चाळीसेक मिनिटं, वाटेत आणखी एखाद्या रिसॉर्टवर थांबा, मग विमानाने उजेडात परत यायचं. तरी आजोबांनी विचारलंच, "ताई, नऊ माणसं आहोत आम्ही, जरा थांबणार नाहीत का?" नव्वद असती तरी नसते थांबले.

पहिलं काम रिसॉर्टला ईमेल. फोन नंतर, आधी लेखी. पाहुणे कळवल्याशिवाय पहिल्या रात्री आले नाहीत तर ‘नो-शो’ लागतो आणि पुढच्या तीन रात्रींचं बुकिंगही हातचं जाऊ शकतं. लोकांना वाटतं पैसे भरलेत म्हणजे खोल्या आपल्याच. ईमेलमध्ये फ्लाइट नंबर, नवी वेळ, नऊ जणांची नावं आणि तीन गोष्टी लिहिल्या: पहिली रात्र रद्द करू नका, ती आमच्या नावावर राहू द्या, उद्या सकाळच्या पहिल्या सी-प्लेनमध्ये जागा धरा, आणि आल्या आल्या खोल्या द्या. पहिली रात्र चालू ठेवण्यामागे कारण आहे. एरवी चेक-इन दुपारी दोनचं. सकाळी आठला पोचलेली माणसं सहा तास लॉबीत बसणार, त्यातलं एक रांगणारं-पळणारं बाळ. रात्रीचे पैसे तसेही परत मिळणार नव्हते. निदान सकाळी खोली तरी हातात.

मग पर्याय. बा अटॉलमध्ये धरवंधू नावाचा छोटा विमानतळ आहे. मालेहून तिथे साधं देशांतर्गत विमान जातं, वीसेक मिनिटांचं, अंधार पडल्यावरही. पुढे रिसॉर्टची स्पीडबोट. कागदावर हा मार्ग उत्तम, आणि सी-प्लेन चुकलेली सगळी मंडळी त्याच्याच मागे असतात. त्या संध्याकाळी चार सीट शिल्लक होत्या. धाकट्या मुलाचं म्हणणं, आईबाबांना पुढे पाठवू. मी नको म्हटलं. सत्तरीतली दोन माणसं अनोळखी धक्क्यावर रात्री बोटीत चढणार, आणि बॅगा मागे राहिलेल्यांच्या नावावर. कुटुंब तोडायचं नाही, एवढं ठरवलं की अर्धे प्रश्न सुटतात.

उरलं हुलहुमाले. समुद्रात भराव घालून केलेलं हे बेट विमानतळाला रस्त्याने जोडलेलं आहे, टॅक्सीने पंधरा मिनिटं. तिथल्या एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये तीन खोल्या घेतल्या, सकाळी साडेपाचच्या गाडीसकट. छोट्याचा एक फायदा: 2025 पासून रिसॉर्टवर ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा कर, माणशी दर रात्री 12 डॉलर, पण 50 पर्यंत खोल्यांच्या गेस्ट हाउसला 6. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. म्हणजे आठ जणांचे 48 डॉलर. एक सूचना सुनांना स्वतंत्र पाठवली: हे रिसॉर्ट नव्हे, लोकवस्तीचं बेट आहे, किनाऱ्यावर पोहण्याच्या कपड्यांत फिरायचं नाही.

दरम्यान फ्लाइटच्या काउंटरवरून दोन गोष्टी आणायला सांगितल्या. एक, खाणंपिणं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांच्या वर उशीर झाला की अल्पोपाहार देणं विमान कंपनीला बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय कुपन हलत नाही. तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान हा पर्याय सहा तासांनंतरचा, त्यामुळे तिथे भांडण्यात अर्थ नव्हता. दुसरं, उशीर झाल्याचं लेखी प्रमाणपत्र. विम्याचा दावा त्यावर उभा राहतो. घरी आल्यावर मागू म्हणणाऱ्यांचे पुढे ईमेलवर ईमेल होतात.

आयमुगा हे मालदीवचं प्रवासी घोषणापत्र गुरुवारी रात्रीच भरलं होतं. ते पोचण्याआधी 96 तासांच्या आत भरायचं असतं, प्रत्येकाचं वेगळं, बाळाचंही, आणि परतीच्या वेळी पुन्हा. एक पैसा लागत नाही. शोधताना सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या साइट वर येतात आणि डॉलर मागतात, त्या सोडायच्या. व्हिसा उतरल्यावर मिळतो, फुकट. पण इमिग्रेशनवाले राहण्याचं बुकिंग बघतात, म्हणून गेस्ट हाउसचं आणि रिसॉर्टचं अशी दोन्ही व्हाउचर थोरल्याच्या फोनवर टाकली आणि स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले. तिथल्या वाय-फायच्या भरवशावर राहू नये.

कस्टमची भीती नव्हती, ते काम आठवड्यापूर्वीच झालं होतं. मालदीवमध्ये दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत हे बहुतेकांना ठाऊक असतं. पूजेच्या मूर्तीही चालत नाहीत, हे नसतं ठाऊक. आजींचा पितळी बाळकृष्ण, तळहाताएवढा, त्या कुठेही बरोबर नेतात. ऑफिसात बसून त्यांनी तो बटव्यातून काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्याला काय करणार ते?" काढून घेतील, म्हटलं. शेवटी बाळकृष्ण चार दिवस शेजारच्या काकूंकडे राहिला, रोजच्या लोण्यासाखरेच्या बोलीवर. थोरल्याला मात्र ड्युटी-फ्रीची बाटली घ्यायचीच होती. ती मालेला जमा करून घेतात आणि पावती दाखवली की परतताना मिळते. पावती हरवली की बाटलीही गेली.

विमान चार वाजून पाच मिनिटांनी उतरलं. सहापर्यंत सगळे गेस्ट हाउसवर. रात्रीचं काम वजनाचं. सी-प्लेनला माणशी 20 किलो सामान आणि 5 किलो हातातलं; सीट न घेणाऱ्या बाळाला काही नाही. वरच्या प्रत्येक किलोला डॉलर मोजायचे, आणि विमान भरलेलं असेल तर बॅग पुढच्या फेरीने येते. ठाण्याहून निघताना आठ जणांचे मिळून 160 किलो चालतात म्हणून सांगितलं होतं. भरलं होतं 171. फराळाचे डबे, दुसरं काय. एक मोठी बॅग गेस्ट हाउसवर ठेवायला लावली आणि बाळाचं दूध, औषधं, पोहण्याचे कपडे आणि प्रत्येकाचा एक जोड हातातल्या सामानात घेतला. चकल्या मात्र बरोबर गेल्या.

रविवारी सकाळी आठच्या आत ते तरंगत्या धक्क्यावर उतरले. खोल्या तयार होत्या: तीन बीच व्हिला, शेजारी शेजारी. पाण्यावरच्या व्हिलाचा हट्ट धाकट्या सुनेने धरला होता, पण बऱ्याच रिसॉर्टवर लहान मुलांना तिथे घेत नाहीत, घेतलं तर जबाबदारीच्या कागदावर सही मागतात. डेकला कठडा नसतो आणि खाली थेट समुद्र. फोटो काढायला एक चक्कर मारली की पुरे.

एक गोष्ट अजून मिळवायची होती. त्यांचा प्लॅन हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. शनिवारचं जेवण बुडालं होतं. पैसे मागितले असते तर नकार ठरलेला, म्हणून त्या बदल्यात रविवारचं दुपारचं जेवण मागितलं आणि रिसॉर्टने ते लगेच दिलं. ही रक्कम लहान नाही. मेनूवरच्या किमतीपुढे ‘प्लस प्लस’ असतं: 10 टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर 1 जुलै 2025 पासून 17 टक्के पर्यटन जीएसटी. 100 डॉलरचं जेवण 128 डॉलर 70 सेंटला पडतं. आजीआजोबांचं कांदालसूण नसलेलं जेवण ईमेलमध्ये आधीच कळवलं होतं. तरी दर जेवणाला वाढप्याला पुन्हा सांगायचं, कारण संध्याकाळी ड्युटीवर दुसरा माणूस असतो.

विम्याची फाइल ते परतल्यावर सोमवारी झाली: उशिराचं प्रमाणपत्र, बोर्डिंग पास, गेस्ट हाउसचं नावानिशी बिल आणि रिसॉर्टचा तो ईमेल, ज्यात पहिली रात्र वापरली गेली नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. टॅक्सीची पावती तेवढी नव्हती. तेवढे पैसे सोडून बाकीचा दावा पाठवून दिला.