एरर एका ठिकाणचा की सगळीकडचा?

आमच्या रावेर-यावलकडे केळीचे घड तोलतात तो डिजिटल काटा समजा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो आणि बाकी नीट आहे, तर घड १२ किलोचा असो की २५ चा, आकड्यात ५० ग्रॅमच्या वर फरक पडत नाही. घड कोणता हे विचारायचं कामच नाही. युनिफॉर्म एररची हमी अशीच असते, मर्यादा आधी सांगून टाकायची, मग समोरच्याने पाहिजे तो घड उचलावा.

एमएससीच्या पोरांची गाडी मात्र एप्सिलॉन, म्हणजे आपल्याला चालेल तेवढा छोटा एरर, आला की अडते. ० ते १ मधला कोणताही क्ष घ्या, १ सोडून, आणि त्याचा 'न' वा घात करत जा ('न' म्हणजे १, २, ३ असा वाढता आकडा), उत्तर शून्याकडे जातं. "सर, न मोठा घेतला ना, मग झालं!" नाही होत भाऊ. ०.९९ चा १०० वा घात अजून ०.३७ च्या आसपास असतो, म्हणून न १००० केला तर तो जवळपास शून्य झाला, बरं वाटलं, तेवढ्यात कोणी ०.९९९ घेऊन आलं आणि त्याचा १००० वा घात परत ०.३७! प्रत्येक क्ष एकेकटा शून्याकडे जातोय हे खरंच आहे, पण सगळ्यांना पुरेल असा एकच 'न' सापडत नाही, १ ला चिकटून कोणीतरी मागे राहतोच. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक अख्खी संध्याकाळ कॅल्क्युलेटर घेऊन यावर घालवा, मी पोरांना हेच सांगतो.

स्टॅटिस्टिक्समधे तर हे थेट पैशाशी येतं. बागेतले १०० घड रँडम निवडून तोलले. १८ किलोच्या खाली किती टक्के, एवढा एकच प्रश्न आधी ठरलेला असेल तर ९५ टक्के खात्रीने एरर फार तर १० टक्क्यांच्या आसपास. पण कोणी आधी वजनं बघितली, मग १६ किलो म्हणाला, मग १९, आणि सोयीचं दिसलं तिथे बोट ठेवलं, तर ते १० टक्के चालणार नाहीत. तिथे सगळ्या कटऑफना, म्हणजे १६, १८, १९ अशा कोणत्याही वजन-मर्यादेला, एकदम लागू होईल अशीच हमी पाहिजे. सॅम्पल वाढवत गेलं की सगळ्यात वाईट कटऑफचा एररसुद्धा शून्याकडे जातो, हे ग्लिवेन्को आणि कँटेली या गणितज्ञांनी १९३३ मधे दाखवलं. किती वेगाने, ते १९५६ मधे ड्वोरेट्झ्की, किफर आणि वोल्फोविट्झ यांनी, आणि त्यांच्या सूत्रातला नेमका स्थिरांक १९९० मधे मासार्टने पक्का केला.

त्या सूत्राने, तीच ९५ टक्के खात्री धरून, १०० घडांना एररचे फार तर १३.६ टक्के येतात, बागेतली वजनं कशीही पसरलेली असोत! १० चे १३.६ झाले आणि त्या बदल्यात जगातले सगळे कटऑफ मिळाले, मला हा सौदा फार सुंदर वाटतो. म्हणून कटऑफ डेटा बघण्याआधी ठरला की नंतर हे रिपोर्टमधे लिहाच, आणि नंतर ठरला असेल तर १३.६ च लिहा. जास्त वाटत असेल तर घड चौपट तोला, ४०० ला ६.८ येतात.