बातमी नको, मूळ पेपर दाखव

लोकलमध्ये कुणी ना कुणी फोन पुढे करतंच, "हे बघ, शास्त्रज्ञांनी शोधलंय", आणि खाली मूळ पेपरची, म्हणजे शोधनिबंधाची, लिंकच नसते. मग मी सरळ पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायच्या साइटवर जाते, फुकट आहे, पेपर मागे घेतलेला असेल तर तिथे वरच तशी सूचना दिसते. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, मे 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावर आलेला मोठा पेपर 4 जूनला मागे घेतला, कारण मूळ डेटा तपासायलाच मिळाला नाही, पण तोवर बातमी जगभर फिरली होती. बायोआर्काइव्ह या साइटवरचे प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून यायच्या आधीचे पेपर, मी आवडीने वाचते, फक्त त्यांचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे इतर तज्ज्ञांकडून तपासणी, झालेला नसतो हे ज्युनिअर्सना आधी सांगते. आणि पेपर उघडला की पहिले मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला ते बघायचं, उंदीर किती घेतले, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, काय होता, पैसे कोणी दिले.