पित्त नव्हतं ते

आमच्या घरात गळ्यापासून बेंबीपर्यंत काहीही दुखलं की त्याचं एकच नाव, पित्त. त्यामुळे गेल्या वर्षी पहाटे चारला बाबा उठून बसले आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतंय म्हणाले, तेव्हा आईनं थंड दूध दिलं आणि तळहातावर ओवा ठेवला. मी नेमका तासगावला घरीच होतो. लाइट लावली तर बनियन पाठीला चिकटलेला, फेब्रुवारीतली पहाट, पंखा बंद, आणि माणूस घामानं निथळतोय. जबडापण दुखतोय म्हणाले, दाढ असेल. ढेकर आली की बरं वाटेल असं सगळ्यांचं मत, माझंही, खोटं कशाला बोलू, आणि त्यात आमचा पाऊण तास गेला.

शेवटी शेजारच्या काकांनी गाडी काढली (खरंतर १०८ ला फोन करायला हवा होता, वाटेत काही झालं असतं तर आम्ही काय डोंबल करणार होतो) आणि सांगली गाठली. ईसीजी काढल्यावर तिथली पळापळ बघूनच कळलं, हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टी करून बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, ती उघडी राहायला आत जाळीची एक नळी, म्हणजे स्टेंट.

मला वाटायचं नळात गाळ साठून नळ बंद होतो तसं काहीतरी असतं. पण डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर असतो, तो अचानक फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि तिथून पुढं हृदयाच्या स्नायूला रक्तच मिळत नाही, मग तो मरायला लागतो. थर निम्म्याहून कमी असला तरी फुटू शकतो, म्हणून "परवा तर गड चढून आले हो" याला काही अर्थ नाही. आणि शुगरवाल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो नाहीतर मळमळतं.

पण माझं डोकं फिरलं ते बीपीच्या गोळीवरून. दोन वर्षांपूर्वी बीपी १५०/९५ निघालं, गोळी सुरू झाली, महिन्याभरानं १२८/८० आलं आणि बाबांनी "नॉर्मल आलंय की" म्हणून गोळी परस्पर बंद केली. अहो गोळीमुळेच नॉर्मल आलं ना! वर तंबाखूची पुडी खिशात, का तर "मी कुठं सिगरेट ओढतो." मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि आमच्या ताटात डावीकडे लोणचं, ठेचा, पापड आणि वरून वेगळं वाढलेलं मीठ.

मी स्वतःचं तपासलं तर वय ३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, कंबर ९७ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा सांगतात. तेव्हापासून रोज अर्धा तास चालतोय, पाऊस असला की दांडी.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, छातीत जळजळतंय, पित्त झालंय. कोणी काही बोललंच नाही, बाबांनी गुपचूप गाडीची किल्ली घेतली. दोनदा ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी), सगळं नीट. खरंच पित्त निघालं, आदल्या रात्रीची मिसळ.