आमची वाटचाल : लाइन तुटली तेव्हा

आमच्या पेपर एजन्सीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. १९७४ साली वडिलांनी सांगलीच्या एसटी स्टँडजवळ, एका पानपट्टीच्या फळीवर तीस अंक मांडून सुरुवात केली. भागीदार होते अण्णा. सायकल त्यांची, अनामत रक्कम वडिलांची, कागदावर काहीच नाही. मुंबईचे अंक महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला उतरायचे. तिथून गठ्ठे सायकलला बांधून अण्णा सांगली गाठायचे. सायकलचा कॅरिअर त्यांनी लोहाराकडून रुंद करून घेतला होता, दीडशे अंक आडवे बसायचे. पुढं ते शेती बघायला गावी परतले. जाताना हिस्सा मागितला नाही, सायकलही ठेवून गेले.

मी दहाव्या वर्षापासून डेपोवर, म्हणजे पहाटे गठ्ठे सोडून अंक वाटून घेतात त्या जागी. सुतळी ब्लेडनं कापायची नाही, गाठ सोडवायची, कारण तीच सुतळी न खपता परत पाठवायच्या अंकांना लागते. पुरवणी भरताना अंगठ्यानं मुख्य अंकाची कड उचलायची आणि डाव्या हातानं सरकवायची. पाचशे अंक अर्ध्या तासात झाले पाहिजेत. घडी अशी की फेकलेला अंक हवेत उलगडू नये. फेक दुसऱ्या मजल्यापर्यंतच. तिसऱ्याला जिना चढायचा, हा वडिलांचा नियम, आणि आमच्या कुठल्याही मुलानं तो मोडला नाही.

मधली वीस-पंचवीस वर्षं चांगली गेली. २००४ साली आमचे ११४० अंक होते आणि लाइनवर, म्हणजे ठरलेल्या घरांत रोज पेपर टाकायच्या फेरीवर, नऊ मुलं.

मग कूपनांचे दिवस आले. पेपरात छापलेली शंभर कूपनं चिकटवा, वस्तू घ्या. अंक वाढले, पण ते वाचक नव्हते, ते कुकरचे गिऱ्हाईक होते. वस्तू उशिरा आली की शिव्या आम्हाला. योजना संपली की दुसऱ्या दिवशी अंक बंद. त्या आकड्यांवर खूश होणाऱ्यांना मी तेव्हाच सांगत होतो, पण एजंटाचं ऐकतो कोण?

आता पुराचं सांगतो. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी पाठ असते. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. तो हिशेब धरून आम्ही लाइनवह्या आणि बिलबुकं माळ्यावर ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि माळाही बुडाला. पाणी ओसरल्यावर वह्यांचा लगदा हातात आला. कोणाला कुठला पेपर, कोणाचा फक्त रविवार, कोणाची जूनपासूनची बाकी, सगळं त्या वह्यांत होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मी त्या चिखलात बसून रडलो.

चौथ्या दिवशी गावभागातले, म्हणजे जुन्या सांगलीतले, मास्तर आले. त्यांच्या स्वतःच्या खालच्या खोल्या अजून ओल्या होत्या. म्हणाले, "तुझ्या वडिलांनी १९७८ पासून माझा पेपर चुकवला नाही. वही गेली म्हणून काय झालं, माणसं आहेत ना? गाडी काढ, मी मागं बसतो. घरं लिहून घे." तीन दिवस आम्ही गल्ली-गल्ली फिरलो. एकेका दारात मास्तर हाक मारायचे, "पेपरची बाकी सांग रे," आणि लोक खरी बाकी सांगायचे. ९४ घरांची वही पुन्हा उभी राहिली. विश्रामबागेकडच्या बंगल्यांतून मात्र "आम्ही मागंच दिले" एवढंच ऐकायला मिळालं. त्या बंगल्यांत पुराचं पाणी आलंच नव्हतं. मी कोणाशी भांडलो नाही, पण ती घरं मला अजून पाठ आहेत.

सावरतोय तोवर २०२० चा मार्च. इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि जिल्हा हादरला. पेपरला हात लावला की कोरोना होतो, ही अफवा आमच्या मुलांच्या आधी घराघरांत पोचली. सोसायट्यांनी फाटकं लावली. १८ एप्रिलला सरकारनं घरोघरी पेपर टाकायलाच बंदी केली. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, आणि मुंबई-पुण्याचा भाग व प्रतिबंधित क्षेत्रं सोडून बाकीकडे ती लगेच उठली. पण तोवर माणसं महिनाभर पेपराविना सकाळचा चहा प्यायला शिकली होती.

त्याच महिन्यात आमच्या एका जुन्या लाइनच्या मुलानं पाच दैनिकांच्या पीडीएफ जमवून व्हॉट्सअॅपवर टाकायला सुरुवात केली. त्याची पहिली सायकल मी घेऊन दिली होती. कुठल्या घरात कुठला पेपर जातो हे त्याला आमच्या लाइनवरच कळलं होतं, आणि त्याच घरांचे ग्रुप त्यानं बनवले. पहाटे पाचला पेपर मोबाइलवर, फुकट. दैनिकंही स्वतः पीडीएफ पाठवू लागली. आम्ही विचारलं, मग आमचं काय? उत्तर आलं, तात्पुरतं आहे.

ते तात्पुरतं नव्हतं. लोक म्हणतात मोबाइलनं पेपर मारला. मला ते पटत नाही. स्वस्त नेट २०१६ लाच आलं होतं, तरी त्यानंतर तीन वर्षं माझे अंक हळूहळूच घटत होते. एका महिन्यात लाइन तुटली आणि निम्मी घरं गेली. वाचक पेपर सोडत नाही, दारात पेपर पडायचा थांबला की त्याची सवय सुटते. लाइन जगवायला कोणी पैसा घातला नाही, ॲपला घातला. पुढं २०२२ ला कागद महागला, पानं घटली, रद्दीचं वजनही घटलं. रद्दीतून बिलाचा काही भाग सुटायचा, हा हिशेब घराघरांत होतो.

नव्यानं एजन्सी घेणाऱ्यांना सांगतो : वसुलीला लाइनच्या मुलाला पाठवू नका, पाच तारखेच्या आत स्वतः जा. गिऱ्हाईक तुमचा चेहरा बघून पेपर चालू ठेवतं. न खपलेले अंक जे दैनिक परत घेत नाही, त्याचे दहापेक्षा जास्त अंक उचलू नका. जोडीला दुधाची लाइन धरा. आणि वहीचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवा.

१५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, आम्ही वृत्तपत्र विक्रेता दिन करतो. रामेश्वरमला चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे ते लहानपणी गोळा करायचे. यंदा डेपोवर आम्ही अकरा जण होतो. मास्तरांनी पेढे पाठवले होते.

आज माझे २९० अंक आहेत. गावभागच्या लाइनला मुलगा मिळत नाही, म्हणून ती मीच टाकतो. साडेपाचला निघतो. मास्तरांना आता वाचता येत नाही, सूनबाई मथळे वाचून दाखवतात. त्यांचा तिसरा मजला आहे. मी जिना चढतो.